साडेसात की साडेआठ? रिकर्व्हची ब्रेस हाइट जुळवताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साठ इंची, चाळीस पौंडी लाकडी रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य आहे, बाण थेट शेल्फवरून, म्हणजे ग्रिपच्या (मुठीच्या) वरच्या कडेवरून सोडता. जुनी दोरी विरली म्हणून नवी चढवली. तेव्हापासून धनुष्य मोठ्याने वाजतंय, बाण सुटल्यावर हाताला झिणझिण्या येतात आणि दहांतून दोन-तीनदा दोरी मनगटाच्या जरा वर सपकन बसते. एका जाणत्याने ब्रेस हाइट साडेसात इंच ठेवायला सांगितली, दुसऱ्याने साडेआठ. यातलं बरोबर कोणतं?

दोन्ही बरोबर असू शकतात, कारण दोघं वेगवेगळ्या जागेपासून मोजत असतील. ही शक्यता मी सगळ्यात आधी तपासते. ब्रेस हाइट म्हणजे दोरी चढवलेल्या धनुष्यात ग्रिपच्या सगळ्यात खोल जागेपासून दोरीपर्यंतचं काटकोनातलं अंतर. ही खोल जागा म्हणजे अंगठा आणि तर्जनीमधलं बेचकं जिथे टेकतं ती. पण बरेच जण शेल्फच्या कडेपासून मोजतात, कारण बो स्क्वेअर (दोरीवर अडकवायची काटकोनी मोजपट्टी) तिथे टेकवायला सोपा जातो. एकाच धनुष्यावर या दोन मापांत अर्धा इंच किंवा त्याहून जास्त फरक सहज पडतो. तेव्हा त्या दोघांना आधी "कुठून मोजलं?" एवढंच विचारा. मी खाली जे आकडे देते ते सगळे ग्रिपच्या खोल जागेपासूनचे आहेत. बो स्क्वेअर नसेल तर सुताराचा गुण्या चालतो, फक्त मापाची पट्टी दोरीशी काटकोनात हवी. पट्टी थोडी तिरकी झाली तरी माप वाढतं.

आता मूळ मुद्दा. तुम्ही आकडा विचारताय, पण शोधायचं आहे ते वेगळं: तुमचं हे धनुष्य, ही दोरी, हे बाण आणि तुमची ओढ (दोरी किती मागे खेचता ते), हे सगळं मिळून कोणत्या उंचीला शांत चालतं आणि गट घट्ट देतं, म्हणजे बाण एकमेकांजवळ लावतं. ती उंची सापडली की आकडा आपोआप हातात येतो, तो लिहून ठेवायचा. दोन धनुष्यं एकाच कारागिराने, एकाच मापाची केलेली असली तरी त्यांची शांत जागा दोन-तीन सुतांनी वेगळी निघते, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे. सूत म्हणजे सुतारकामातलंच, इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिलिमीटर. ब्रेस हाइटसाठी हे माप फार सोयीचं आहे, कारण फरक जाणवायला लागतो तो नेमका एवढ्याच अंतराने.

सुरुवात कुठून करायची हे धनुष्याच्या जातीवर अवलंबून आहे. सरळ इंग्रजी लाँगबो सहा ते सात इंचांत चालतो. आतबाहेर वळण दिलेले आजचे लाँगबो साडेसहा ते साडेसात. तुमच्यासारखे ५८ ते ६२ इंची रिकर्व्ह साडेसात ते साडेआठ. ६६ ते ७० इंची टार्गेट रिकर्व्ह सव्वाआठ ते सव्वानऊ. कारागिराने किंवा कंपनीने पल्ला दिला असेल तर माझे आकडे विसरा आणि तोच धरा, विशेषतः संपूर्ण लाकडाच्या, फायबरग्लास नसलेल्या धनुष्याच्या बाबतीत. तिथे उंची वाढवणं म्हणजे लाकूड सतत जास्त वाकवून ठेवणं. मोजपट्टी हाताशी नसायची त्या काळी मूठ ग्रिपवर ठेवून अंगठा ताठ करायचे आणि तो दोरीला टेकतो का बघायचे. इंग्रजी लाँगबोवाले त्या मापाला फिस्टमेल म्हणतात. लहान हाताच्या आणि मोठ्या हाताच्या माणसाचं फिस्टमेल वेगळं येणारच, म्हणून ते फक्त चटकन नजर टाकायला ठीक.

उंची कमी-जास्त केल्याने नेमकं काय होतं ते समजून घेतलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल. उंची कमी केली की दोरी मागून पुढे येताना जास्त अंतर बाणाला ढकलते. बाण दोरीला जास्त वेळ चिकटून राहतो, म्हणून वेग किंचित वाढतो. पण बोटं सुटताना झालेली चूकही तेवढा जास्त वेळ बाणात उतरत राहते. शिवाय दोरी थांबते ती तुमच्या मनगटाच्या जवळ, आणि रिकर्व्हमध्ये लिम्बच्या (ग्रिपच्या वर-खाली वाकणाऱ्या पात्याच्या) वळलेल्या टोकावर ती जास्त लांबीने आपटते. तुम्हाला ऐकू येतो तो मोठा आवाज बऱ्याचदा याच आपटण्याचा असतो. उंची वाढवली की हे सगळं उलटं होतं, पण तेही एका मर्यादेपर्यंतच. फार वाढवली तर लिम्ब आधीच बरेच वाकलेले असतात, ओढ शेवटच्या इंचात जड वाटते, दोरी रिकर्व्हच्या वळणावरून उचलली जाऊन त्या वळणाचा फायदाच कमी होतो आणि आवाज पुन्हा येतो. हा दुसरा आवाज पहिल्यासारखा भसाड्या नसतो, बारीक आणि कडक असतो.

"उंची वाढवली तर वेग जाईल" ही भीती सगळ्यांनाच असते, म्हणून एकदा हिशोबच करू. एएमओ (धनुर्विद्येचं साहित्य बनवणाऱ्यांची संघटना) मानकाप्रमाणे २८ इंच ओढ म्हणजे ग्रिपच्या खोल जागेपासून दोरीपर्यंत सव्वासव्वीस इंच, आणि त्यात पावणेदोन मिळवायचे. ब्रेस हाइट साडेसात असेल तर दोरी बाणाला पावणेएकोणीस इंच ढकलते, आठ असेल तर सव्वाअठरा. म्हणजे अंतर तीन टक्क्यांहूनही कमी घटलं. तेही घटलं ओढीच्या अगदी सुरुवातीच्या भागात, जिथे धनुष्याचा जोर सगळ्यात कमी असतो. त्यामुळे साठवलेल्या शक्तीतली घट त्याहून लहान, आणि वेगातली आणखी लहान. वीस मीटरवर हा फरक तुमच्या रोजच्या रिलीजच्या (दोरी सोडण्याच्या) चढउतारात विरून जातो. वेगासाठी उंची खाली ओढून ठेवणारे आणि मग हात सुजवून घेणारे बरेच पाहिलेत. तुम्ही तसं करू नका.

आता प्रत्यक्ष कृती. दोरी नवी आहे, त्यामुळे आजच्या मापावर विश्वास ठेवू नका. दोरीचे धागे एकमेकांत बसायला आणि फास आवळायला वेळ लागतो. पन्नास ते शंभर बाण सोडा, मग मोजा. तुमची दोरी चढवली तेव्हा कदाचित आठवर असेल आणि आज सव्वासातवर आली असेल. मनगटाजवळ बसणारा फटका मला तरी हेच सांगतो.

उंची बदलतो ती पीळ देऊन. धनुष्य स्ट्रिंगर (दोरी चढवा-उतरवायला वापरायची मदतीची दोरी) लावून उतरवा. पाय मधून घालून वाकवण्याची पद्धत टाळा, त्यात लिम्ब पिळवटतो आणि तो दोष कायमचा राहू शकतो. खालचा फास खाचेतून काढा, तीन-चार पीळ द्या, परत अडकवा, धनुष्य चढवा. ओढण्याआधी दोन्ही फास खाचेत नीट बसलेत का ते बोट फिरवून बघा. ही सवय कधीही मोडू नका. पीळ वाढला की दोरी आखूड होते आणि उंची वाढते, उलगडला की उलट. तीन-चार पिळांत किती फरक पडेल हे दोरीच्या जाडीवर आणि जातीवर आहे, म्हणून पहिल्या खेपेला मोजून आपलं प्रमाण काढा आणि पुढे तेच वापरा. दिशेकडेही लक्ष द्या. फ्लेमिश दोरी (धागे वळूनच फास केलेली) ज्या बाजूने वळलेली आहे त्याच बाजूने पीळ द्यायचा, उलटा दिलात तर दोरीच उकलायला लागेल. एंडलेस लूप दोरीत (एकाच धाग्याच्या अखंड वेढ्यांची) मधल्या सर्व्हिंगचे, म्हणजे बाण लावतो तिथे दोरीवर गुंडाळलेल्या धाग्याचे वेढे ज्या दिशेने आवळतात ती दिशा धरायची. साठ इंची धनुष्याची दोरी छप्पन-सत्तावन्न इंचांची असते. पाकिटावर ६० लिहिलं असेल तर ते बहुधा धनुष्याचं माप असतं, दोरीचं नाही. तीत वीस ते तीस पीळ मला पुरेसे वाटतात. इंचामागे एकाहून जास्त पीळ लागत असतील तर दोरी लांब आहे, ती पिळून जुळवण्यात अर्थ नाही, कारण अति पिळाची दोरी स्प्रिंगसारखी ताणते. आणि पाच-सहा पिळांतच उंची जास्त होत असेल तर दोरी आखूड आहे.

तुम्ही साडेसातपासून सुरू करा. पंधरा मीटरवर, तेच सहा बाण, सायलेन्सर काढून. केसाळ गोळे किंवा रबराच्या झिरमिळ्या आवाज झाकतात, आणि आत्ता तुम्हाला आवाज ऐकायचा आहे. सहा बाण सोडा, रिलीज फसलेला बाण धरू नका, मग पाव इंच वाढवा आणि पुन्हा सहा. साडेआठपर्यंत पाच थांबे होतात. यातल्या सगळ्यात शांत थांब्याच्या आजूबाजूला दुसऱ्या दिवशी एकेका सुताने शोधा. सगळं एकाच दिवशी उरकू नका, कारण बोटं दमली की रिलीज खराब होतो आणि तुम्ही त्याचा दोष उंचीला देता. सोबत कोणी असेल तर त्याला सोडण्याच्या रेषेच्या मागे, तीन-चार पावलांवर उभं करून फक्त कान द्यायला सांगा, आणि आत्ता उंची किती आहे ते मुळीच सांगू नका. सोडणाऱ्याला हाताची थरथर चांगली कळते, आवाज मात्र बाजूच्या माणसाला जास्त नेमका कळतो. एकटे असाल तर फोन एकाच जागी ठेवून ध्वनिमुद्रण करा.

माझ्या बासष्ट इंची रिकर्व्हच्या वहीतलं पान उतरवते, म्हणजे काय ऐकायचं त्याचा अंदाज येईल. "साडेसात: टण्ण, लांबत जातो, ग्रिप थरथरते. पावणेआठ: टण्ण पण आखूड. आठ: ठप्. थरथर जवळजवळ नाही. सव्वाआठ: ठप्, पण कडक, पट्टीवर चापट मारल्यासारखा. साडेआठ: टिंग, ओढ शेवटी जड." दुसऱ्या दिवशी एकेका सुताने गेल्यावर आठच्या एक सूत वर सगळ्यात मऊ आवाज आला, आणि सहा बाणांचा गटही तिथेच सगळ्यात लहान होता. दर वेळी आवाज आणि गट असे जुळतीलच असं नाही. जुळले नाहीत तर मी गटाचं ऐकते आणि उरलेल्या आवाजाला सायलेन्सर लावते.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. पहिलं, दोरी कशाची आहे. डॅक्रॉनची दोरी ताणते, उन्हात आणखी ताणते, आणि दिवसागणिक उंची उतरत जाते. तिचा ठोका मऊ असतो, म्हणून जुन्या धनुष्यांना तीच लागते. डायनीमासारख्या कमी ताणणाऱ्या धाग्याची दोरी एकदा बसली की जवळजवळ हलत नाही, पण तिचा झटका लिम्बच्या टोकांना बसतो. टोकं मजबूत केलेली नसतील तर अशी दोरी चढवूच नका. तुमची जुनी दोरी डॅक्रॉनची होती आणि नवी तशी नसेल, तर आवाज आणि झिणझिण्यांचं एक कारण तिथेच सापडेल. धनुष्य कमी ताणणाऱ्या दोरीसाठी केलेलं आहे की नाही हे आधी कारागिराला विचारा. नुसत्या उंचीच्या खेळाने हा प्रश्न सुटणार नाही.

दुसरं, बाणाचं वजन. अशा धनुष्याला मी पौंडामागे आठ ते दहा ग्रेन धरते. चाळीस पौंडांना ३२० ते ४०० ग्रेन, म्हणजे अंदाजे २१ ते २६ ग्रॅम. याहून हलका बाण असेल तर उरलेली शक्ती लिम्ब आणि दोरी हादरवण्यात जाते आणि धनुष्य कोणत्याही उंचीला वाजतं. मात्र धनुष्यावर लिहिलेले चाळीस पौंड २८ इंचांच्या ओढीचे असतात. तुमची ओढ सव्वीस असेल तर बोटांवर येणारं वजन पाच-सहा पौंडांनी कमी असू शकतं, तेव्हा हिशोब त्याच्यावर करा.

तिसरं, नॉकची, म्हणजे बाणाच्या मागच्या, दोरीत अडकणाऱ्या खाचेची पकड. बाण दोरीला लावून धनुष्य आडवं धरा, बाणाचं टोक जमिनीकडे लोंबू द्या. बाण टिकला पाहिजे आणि दोरीला बोटाने टिचकी मारल्यावर सुटला पाहिजे. नवी दोरी म्हणजे नवी सर्व्हिंग, आणि ती जुनीपेक्षा जाड असेल तर नॉक दोरीला धरून ठेवतो. आवाज आणि विस्कटलेला गट, दोन्ही त्यातून येतात. ही तपासणी दहा सेकंदांची आहे, ती उंचीला हात लावण्याआधी करा.

फटक्याबद्दल वेगळं लिहिते, कारण तुम्हाला त्याची काळजी वाटतेय आणि ती रास्त आहे. दोरी मनगटाजवळ बसत असेल तर मी आधी ब्रेस हाइट बघते. कोपराजवळ, दंडाच्या बाजूला बसत असेल तर उंची कितीही वाढवा, फायदा होणार नाही. तिथे कोपर दोरीच्या वाटेत येतोय. खांदा न उचलता कोपर असा फिरवा की त्याची आतली घडी आकाशाकडे न राहता उभी होईल. तुमचा फटका मनगटाच्या वर आहे, म्हणून उंची आठच्या आसपास आल्यावर तो थांबेल असं मला वाटतं. तरीही थांबला नाही, तर ग्रिपमध्ये तळहात जास्त आत शिरतोय का ते बघा. दरम्यान आर्मगार्ड लावा. दुखऱ्या हाताने माणूस सोडताना नकळत धनुष्य बाजूला ढकलतो, आणि मग कोणतीच चाचणी खरी राहत नाही.

एक अनुभव सांगते, कारण तेव्हापासून मी दर वेळी आधी मोजते. शिकण्याच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे लाँगबो होता, डॅक्रॉनच्या दोरीचा. उन्हाळ्यात बाण हळूहळू एका बाजूला जायला लागले. मी नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण लावायची खूण) हलवला, मग बोटांची पकड बदलली, मग वेगळ्या स्पाइनचे (कडकपणाचे) बाण आणले. तीन आठवडे त्यात गेले आणि जमून आलेली पकडही बिघडली. शेवटी कोणीतरी उंची मोजायला सांगितली. सात इंचांवर ठेवलेला धनुष्य सव्वासहाच्या थोडा वर आला होता. पीळ देऊन सातवर आणला आणि जुने बाण जुन्याच जागी लागायला लागले. धनुष्य, बाण, मी, कोणीच बिघडलं नव्हतं. दोरी फक्त ताणली गेली होती.

म्हणून क्रमही तोच ठेवा. आधी दोरी बसू द्या, मग उंची, मग नॉकिंग पॉइंट, मग बाणाचं स्पाइन, सगळ्यात शेवटी सायलेन्सर. उंची बदलली की पुढचं सगळं थोडं थोडं हलतं. पीळ पूर्ण दोरीत वाटला जातो, त्यामुळे नॉकिंग पॉइंट जागेवरून सरकतो. शेल्फवरून, एक बोट वर आणि दोन खाली अशी पकड असेल तर काटकोनाच्या रेषेपासून तीन ते पाच सूत वर हा माझा प्रारंभ असतो, तिन्ही बोटं खाली असतील तर पाच-सहा सूत. बाण सुटताना किती वाकतो तेही उंचीबरोबर बदलतं, म्हणून पिसांशिवायचा बाण सोडून बघायचा तो उंची पक्की झाल्यावरच. पिसं शेल्फला घासताहेत अशी शंका असेल तर शेल्फवर चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरा आणि एक बाण सोडा. रेघ कुठे उमटली ते लगेच दिसतं. बाणाला प्लॅस्टिकची व्हेन (पिसाऐवजी लावतात ते पातं) असेल तर ती शेल्फवरून दबत नाही, अडखळून उडते. शेल्फवरून सोडायचं तर खरी पिसंच लावा.

उंची सापडली की ती आणि पिळांची संख्या, दोन्ही वहीत लिहा. मी आणखी एक करते: बांबूची बारीक काडी नेमकी त्या उंचीएवढी कापून भात्यात ठेवते. धनुष्य चढवलं की काडी ग्रिपच्या खोल जागेपासून दोरीपर्यंत धरायची. काडी अडली म्हणजे दोरी ताणली गेली आहे, दोन-तीन पीळ द्यायचे. फट राहिली तर तेवढेच उलगडायचे. काडी दोरीला हलकेच स्पर्शून बसली की मगच पहिला बाण लावायचा.